मानधनाची बाई

पुसेगाव, ता. सेनगाव
६ मे २०२५

ती. राधिकावहिनीस,
शिलाचा सा. न. वि. वि.

परवा फोन केला होता. तुम्हाला ऐकू जाईना, आणि शिवहारने मधेच घेऊन आई बरी आहे म्हणून ठेवून दिला. दादा होता तेव्हा तो तुमच्या कानाशी ओरडून सगळं सांगायचा. जानेवारीत तो गेला, आता तुमच्यापर्यंत बातमी पोचवायची तर पत्रच लिहावं लागणार.

बातमी ही, की एप्रिलअखेर मी निवृत्त झाले. पासष्ट पूर्ण झाली. अंगणवाडीतच कार्यक्रम केला. साडी दिली, नारळ दिला. सरपंचबाई म्हणाल्या की शिलाबाईंनी अर्ध्या गावाला काट्यावर टांगून वजन केलं आहे. सगळे हसले, मीही हसले. रडू येईल म्हणून पदर हातात धरून बसले होते, पण आलं नाही. घरी येऊन साडी पेटीत ठेवली आणि शेळ्यांना पाणी पाजलं.

शेजारच्या शाळेतला शिपाई प्रभू तुम्हाला आठवत असेल. आमची त्यांची भिंत एकच. तो माझ्या मागून लागला आणि माझ्या आधी निवृत्त झाला. पेन्शन काढून येताना नातवंडांना जिलबी आणतो, त्यातली थोडी मला देतो. चांगला माणूस आहे. त्याने विचारलं की शिलाबाई, तुमची कधी सुरू होणार. मी म्हटलं, आमच्यात नसते. तो म्हणाला, असं कसं काय? एकरकमी काहीतरी मिळणार आहे म्हणतात, त्याचे कागद वर गेले आहेत.

गौसिया म्हणून नवी सेविका आली आहे. सकाळी माझे पाय आपोआप तिकडेच वळतात. ती बिचारी उठून खुर्ची देते. मी थोडा वेळ बसते आणि परत येते. मोहिनी वाशीमहून फोन करते, ये म्हणते, पण लेकीच्या सासरी किती दिवस राहणार? तिचे बाबा असते तर गोष्ट वेगळी होती.

तुमचं कसं चाललं आहे ते लिहा. दादाच्या फोटोला माझा नमस्कार सांगा. माया आहे ती तशीच राहू द्या.

तुमची,
शिला


आखाडा बाळापूर
२ जून २०२५

चि. शिला हीस,
राधिकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शिवहारच्या पोरीने वाचून दाखवायला घेतलं होतं, मी म्हटलं, मला दे, मी सातवी पास आहे. तुझं अक्षर अजून तसंच गोल आहे. अर्ध्या गावाला काट्यावर टांगलंस खरं. आमच्या शिवहारला पण तू बारशाच्या दिवशी पाळण्यातून काढून टांगलं होतंस आणि वजन कमी आहे म्हणून मलाच बोलली होतीस.

इथलं काय लिहू? सकाळी उठते, दोन कप चहा ठेवते, मग एक ओतून देते. तुझ्या दादांच्या नावाची पेन्शन आता माझ्या नावावर लागली. त्यांना मिळायची त्याच्यापेक्षा कमी, पण लागली. कार्ड शिवहारजवळ असतं. तो म्हणतो, आई, तुला काहून तकलीफ? खत-बियाण्याच्या दुकानातून येता येता मी काढून आणतो. आणतो बराबर. पण कानाच्या मशीनचे सेल संपले म्हणून पैसे मागितले तर म्हणाला की बाई गं, तुला आता कोणाचं ऐकायचं राहिलं? हसत हसतच म्हणाला. मला वाईट वाटलं का, हे मी स्वतःलाच विचारून पाहिलं. तसं काही वाटलं नाही. कशाचंच काही वाटत नाही, शिला.

एक मात्र कळत नाही. मी जन्मात नोकरी केली नाही, तर मला महिन्याला पैसे येतात. तू जन्मभर केली, तर तुला येत नाहीत. तुझे दादा गणित शिकवायचे. ते असते तर त्यांना विचारलं असतं.

तू इथे ये. देवघराची खोली रिकामीच आहे. उत्तराची वाट पाहते. तब्येतीला जप.

तुझी,
वहिनी


कनेरगाव नाका
१९ जुलै २०२५

ती. राधिकावहिनीस,
शिलाचा सा. न. वि. वि.

पत्ता बदलला म्हणून घाबरू नका. पुसेगावचं घर आहे तसं आहे, कुलूप लावून आले.

आम्ही निवृत्त झालेल्या सेविका मिळून पेन्शनचं विचारायला हिंगोलीला ऑफिसात गेलो होतो. दुपारपर्यंत बाहेर बसलो. मग साहेबांनी आत बोलावलं, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले की तुम्हाला जे मिळत होतं तो पगार नाही, मानधन आहे, आणि मानधनाला पेन्शन नसते. आमच्यातली एक म्हणाली की साहेब, लसीकरण, सर्वे, निवडणुकीची यादी, आहार, हे सगळं पगाराच्या माणसांबरोबरच केलं की आम्ही. ते म्हणाले की म्हणून तर सरकार तुमचा मान ठेवतं. आम्ही मान घेऊन बाहेर आलो.

गावात तलाठ्याने निराधार योजनेचा अर्ज भरायला सांगितलं. चांगल्या मनानेच सांगितलं. मी म्हटलं, मी निराधार नाही, निवृत्त आहे. पण त्या रात्री चुलीपुढे बसून विचार केला, तर दोन्हीत फरक काय ते मलाच नीट सांगता येईना.

शेळ्या विकल्या. इथे वाशीम रोडवर हिरासिंगचा धाबा आहे, तिथे भाकरी थापायला लागले. रोज येणं-जाणं परवडत नाही म्हणून मागच्या खोलीत अनुसयाबाई म्हणून एक आहेत, त्यांच्यासोबत राहते. त्यांचं वय माझ्याहून जास्त. हिरासिंग जेवायला देतो, मावशी म्हणतो, त्याची काही तक्रार नाही. ट्रक येतात, जातात. मी थापत राहते. मोहिनीला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तुमच्याकडे राहायला बोलावलंत, बरं वाटलं असावं. पण ते घर आता शिवहारचं आहे. सेल मात्र आणून घ्या, वहिनी. उत्तर या पत्त्यावर टाका.

तुमची,
शिला


आखाडा बाळापूर
११ ऑगस्ट २०२५

चि. शिला हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवताना शिवहारला म्हटलं, माझं कार्ड दे. तो म्हणाला, काहून? म्हटलं, माझं आहे म्हणून. त्याने विचारलं की आम्ही तुला जेवू घालत न्हाई का, दवाखान्यात नेत न्हाई का. दोन्ही खरं आहे. सून पोळी लाटता लाटता थांबली. शिवहार म्हणाला, बघू उद्या. उद्याचा परवा झाला.

मग मी शेजारच्या शबनमला घेतलं. ती ब्लाऊज शिवते, बँकेत तिचं येणं-जाणं असतं. तिच्यासोबत गेले. आतला माणूस मोठ्याने बोलत होता, सगळी बँक ऐकत होती. त्याने विचारलं की आजी, मुलाने कार्ड चोरलं का? मी म्हटलं, न्हाई, चोरलं न्हाई, पण माझ्याजवळ न्हाई. जुनं कार्ड बंद झालं. नवीन आलं ते माझ्या हातात आलं. शिवहार दोन दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. मला वाटलं होतं छाती धडधडेल. तशी काही धडधडली नाही. तुझे दादा गेल्यापासून मी पाण्याखालून चालून राहिले असं वाटतं.

सेल आणले. दुकानातच बसवले, तर आधी रस्त्यावरचा हॉर्नच ऐकू आला.

आता ऐक. जे येतं त्यातलं अर्धं तुला पाठवत जाईन. न्हाई म्हणू नकोस. तुझ्या भावाचेच पैसे आहेत. भाकरी थापणं सोड आणि घरी जा.

तुझी,
वहिनी


कनेरगाव नाका
३ सप्टेंबर २०२५

ती. राधिकावहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही बँकेत गेलात हे वाचून अनुसयाबाईंना पण सांगितलं. त्या म्हणाल्या, अशी भावजय सगळ्यांना मिळो.

पैसे पाठवू नका. रागावून लिहीत नाही, समजून घ्या. दादा माझा सख्खा भाऊ. लहानपणी आमच्या घरी एकालाच शिकायला पाठवायचं होतं, त्याला पाठवलं. तो मास्तर झाला, त्याला पगार झाला. मला गावातल्या गावात होतं म्हणून अंगणवाडी मिळाली. तो पहिलीच्या पोरांना शिकवायचा, मी पहिलीच्या आधीच्या. त्याने कधी मोठेपणा दाखवला नाही, दिवाळीला दोघांच्या कामाच्या गोष्टी सारख्याच व्हायच्या. आता त्याच्या पैशातलं मी घेतलं तर ती त्याची दया झाली, किंवा तुमची. मला त्याचं नको होतं, वहिनी. मला माझं हवं होतं.

गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली. भाकरी उलटताना मनगट तव्याला लागलं आणि मला कळलंच नाही. अनुसयाबाईंनी ओरडून हात ओढला. कातडी गेली. दवाखान्यात पट्टी करून घेतली. डॉक्टरांनी विचारलं की आजी, दुखलं नाही का? म्हटलं, दुखलं असेल. हिरासिंग म्हणाला की मावशी, काही दिवस भाजी निवडा. आता भाजी निवडते.

काळजी करू नका. तुमचं माझ्यावरचं लक्ष असंच असू द्या.

तुमची,
शिला


पुसेगाव
२२ नोव्हेंबर २०२५

चि. शिवहार यास,
आईचे अनेक आशीर्वाद. सूनबाईस व लेकरांस आशीर्वाद.

मी इकडे आले त्याला आता बरेच दिवस झाले. तू दोनदा न्यायला आलास, दोन्ही वेळा मी नीट बोलले नाही. तुझ्या आत्यासमोर बोलवत नव्हतं, म्हणून लिहिते. मी रुसून आलेली नाही. तू मला कधी उपाशी ठेवलं नाहीस. पण तुझी आत्या हात भाजून घेते आणि तिला कळत नाही, हे वाचल्यावर मला बाळापुरात बसवेना. सरळ कनेरगाव नाक्याला उतरले आणि तिचं गाठोडं बांधलं. ती नको म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. हिरासिंगने डबा भरून दिला. अनुसयाबाई रस्त्यापर्यंत आल्या. त्यांना न्यायला कोणी नाही.

पैसे ती अजून घेत नाही. मग मी म्हटलं, मी तुझ्या घरात राहते, तर घरातलं सामान मी आणते. आता मीच आणते. दोन शेळ्या घेतल्या आहेत. तिचं मनगट भरून आलं, डाग राहील. एकरकमीचे कागद अजून वरच आहेत.

या महिन्यात त्या बाया पुन्हा हिंगोलीला जाऊन बसल्या, तेव्हा आत्यासोबत मी पण गेले. साहेबांनी मला विचारलं की तुमची अंगणवाडी कोणती? मी म्हटलं, माझी अंगणवाडी नाही, मी पेन्शनवाली आहे. माझ्या नवऱ्याने काम केलं, ते गेल्यावर मला मिळते. हिने स्वतः काम केलं, ही जिवंत असून हिला मिळत नाही. ते म्हणाले, आजी, हे माझ्या हातात नाही. मी म्हटलं, ते माहीत आहे, पण तुम्ही ऐका तरी. त्यांनी ऐकलं. आमचं निवेदन घेऊन त्यावर शिक्का मारून दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं ठरलं आहे. तुला लाज वाटत असेल तर वाटू दे.

माझं खातं हिंगोलीच्या शाखेत बदलून घेतलं. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत म्हणून बँकेत सही करावी लागते, हयातीचा दाखला म्हणतात. तुझे बाबा दरवर्षी करायचे. यंदा मी केली. आत्या सोबत होती. माझी सही झाल्यावर ती पुढे सरकली आणि तिथल्या पोराला तिने विचारलं की मी जिवंत आहे म्हणून मी कुठे सही करायची? ते पोरगं हसलं, त्याला वाटलं म्हातारी गंमत करून राहिली. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचं थांबलं. त्याने रजिस्टर खाली-वर पाहिलं, जणू खरंच कुठे नाव असेल. म्हणालं, मावशी, तुमचं नाव माझ्याकडे न्हाई.

आम्ही बाहेर आलो. पायरीवर बसून तुझी आत्या रडली. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. येणारे-जाणारे बघत होते. मी तिला उगी म्हटलं नाही. तिच्याजवळ बसले, आणि बसल्या बसल्या मलाही आलं. तुझे बाबा गेल्यावर मी रडले नव्हते, तुला आठवत असेल.

नंतर आम्ही दोघींनी चहा घेतला आणि बस पकडली.

संक्रांतीला लेकरांना घेऊन इकडेच ये. राग असला तरी ये. आईवर लोभ ठेव.

तुझी,
आई