पाटीत न मावलेल्या दोन ओळी

ती. दादा आणि वहिनी यांना वाकून नमस्कार (कंबर अलीकडे अर्ध्यातच थांबते, उरलेला भाग धरून चालावा). तुमचा दमा आणि वहिनींचा गुडघा कसा आहे, ते कळवावं. मी ठीक आहे, म्हणजे स्वतःच्या हातचं खाऊनही अजून आहे.

चार दिवसांपूर्वी तुमची बहीण पिशवी घेऊन तुमच्या दारात आली, तेव्हा तिने कारण सांगितलं नसणार. सांगितलं असेल तर ते खरं आहे. तरी माझी बाजू ऐकावी.

तिची केमो सुरू झाली त्या दिवशी दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला, घरच्यांनी काय काळजी घ्यावी त्याचा. टाइप बारीक, समास वाकडा, ओळी एकमेकींच्या अंगावर. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाने (तोही कुठल्या शाळेत न जाता, भिंतींकडे बघून अक्षर शिकलेल्या) असला कागद घरात लावायचा कसा? मी दोन बाय तीन फुटांचा पत्रा आणला, पांढऱ्याचे दोन हात दिले आणि निळ्यात मजकूर उतरवला: हातमोजे घालावेत, कपडे वेगळे धुवावेत, संडासचं झाकण लावून दोनदा पाणी सोडावं. कागदावर याच्या आधी ‘औषध दिल्यानंतर पहिले अठ्ठेचाळीस तास, मळलेले कपडे वगैरे हाताळताना’ असं होतं. पण ‘अठ्ठेचाळीस’ हा शब्द फार ऐसपैस, समासाबाहेर जात होता. शेवटी ‘जवळ बसायला, मिठी मारायला हरकत नाही’ अशीही एक ओळ होती. तिथे वेलबुट्टीची किनार आली.

दादा, कागद कपाटात गेला आणि साडेतीन महिने घर पाटीवर चाललं. मी तिला चहाचा कपसुद्धा हातमोजे घालून द्यायचो, वर शिस्तीचा मान घ्यायचो. मुलगा-सून बिचारे माझ्या अक्षरावर विश्वास ठेवणारे. नात पहिलीत, नुकती वाचायला लागलेली, त्यामुळे सगळ्यात कडक तीच. आजीने वेणी घालायला बोलावलं की ही दारातूनच पाटी मोठ्याने वाचायची. म्हणून आजीने हातमोजे घालून वेणी घातली. रबराला केस चिकटले, पोरीने घर डोक्यावर घेतलं आणि वेणी कायमची बंद झाली. आजीचे स्वतःचे केस गेल्यानंतर तेवढाच एक विरंगुळा होता, हे मला आत्ता कळतंय.

ती निघाली त्याच दिवशी सकाळी रक्त तपासायला गेलो होतो. जिन्यात तिचा तोल गेला, तिने हात पुढे केला आणि मी खिशात हातमोजे शोधू लागलो. सापडेपर्यंत तिने कठडा धरला होता. वरून नर्स बघत होती. म्हणाली, “काका, आता कसले हातमोजे? औषध होऊन तीन आठवडे झाले. ते पहिल्या दोन दिवसांपुरतं असतं. आणि नुसता हात धरायला तर तेव्हाही लागत नाहीत.”

घरी आल्यावर हिने कपाटातून कागद काढला, चष्मा लावला आणि पाटीसमोर उभी राहून ओळ अन् ओळ ताडून पाहिली. मग “अक्षर छान आलंय” एवढंच म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि पिशवी भरायला लागली.

तेव्हा दादा, चूक माझ्या हेतूची नव्हती, जागेची होती, हे ध्यानात घ्यावं.

आपला,
पेंटर

ता.क. – मूळ कागद सोबत पाठवतो आहे. येत्या गुरुवारी तिचं पुढचं औषध आहे. नंतरचे दोन दिवस त्याप्रमाणे नीट सांभाळा, आणि शेवटची ओळ वहिनींना आवर्जून वाचून दाखवा.

ता.क. २ – काल पट्टी लावून मोजलं. किनार दोन इंच बारीक केली असती तर दोन्ही ओळी बसत होत्या. जागा होती.

ता.क. ३ – गुरुवारी मी दवाखान्यात आलो तर चालेल का, एवढं तिला विचारा. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून कळवा, वाईट असलं तरी. त्यातला एकही शब्द गाळू नका.