मामीचे स्वेटर गायब झाले त्याची हकिगत

चि. खारूताईस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. इथे आम्ही दोघं कुरकुरत का होईना, धडधाकट आहोत. तुझी मान आता कशी आहे? (दिवसभर पडद्यात डोकं घातल्यावर दुसरं काय होणार, असं मामी म्हणते. मी नाही.)

लिहायला बसलो कारण, नोकरीसाठी लांब जाताना तू मामीला विणकामाचा जो ब्लॉग काढून दिलास, त्याचं बिऱ्हाड मी हलवलं. ब्लॉगला इंटरनेटवर जागा भाड्याने देणाऱ्या जुन्या कंपनीकडे एक फोटो उमटेपर्यंत मामीचा अर्धा मोजा विणून व्हायचा. नव्या कंपनीत सामान सुखरूप पोचलं, पण लेखांमधल्या फोटोंचे पत्ते जुनेच राहिले. म्हणजे माणसं नव्या घरात आणि पोस्टमन जुन्याच दाराची कडी वाजवतोय. मग एका व्हिडिओत बघून मी डेटाबेस, म्हणजे सगळे लेख साठवलेली वखार, उघडला आणि एका हुकमात सगळीकडे जुना पत्ता काढून नवा घातला. (नवा म्हणजे काय, जुन्याच नावाच्या आधी ‘नवे’ जोडलेलं.) फोटो आले. तिथेच हात धुवून उठायचं की नाही? पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघणारा मी. खात्रीसाठी तोच हुकूम पुन्हा दिला. त्याने इमानेइतबारे प्रत्येक पत्त्याला आणखी एक ‘नवे’ चिकटवलं, आणि ‘नवेनवे’ अशा ठिकाणी कोणीच राहत नसल्यामुळे झाडून सगळे स्वेटर अंतर्धान पावले. बॅकअप मी घेतला होता. मात्र हे सगळं झाल्यावर.

मामीने तोंडसुख घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती रिकाम्या चौकटी बघत बसली. “पिवळ्या स्वेटरच्या फोटोत ती होती हो,” एवढंच म्हणाली. (ती म्हणजे तू, पुढचे दात पडलेली.) मग उठून तुझ्या खुर्चीवरची धूळ झटकली आणि म्हणाली, “तिलाच बोलवा. तिनेच मांडलाय हा पसारा.” मी म्हटलं, ती तिकडून फोनवरसुद्धा करून देईल. “फोनवर?” मामी म्हणाली, “तुम्हाला खरंच काही कळत नाही.”

तेव्हा सवड काढ आणि ये.

तुझाच,
मामा

ता. क. – घाबरू नकोस. नव्या कंपनीतल्या बाईंनी त्यांच्याकडची आधीची प्रत परत घातली, पत्ते स्वतः बदलले आणि डेटाबेसला हात न लावण्याची मला शपथ घातली. साइट कालपासून ठणठणीत आहे.

ता. क. २ – वरची ता. क. लिहू नका म्हणून मामी मागे लागली होती. काल फोटो दिसल्यावर आधी हरखली. मग म्हणाली, “आता ती कशाला येईल?” तेव्हा वरचं तू वाचलेलं नाहीस. ये, कॉम्प्युटर उघड, कपाळाला आठ्या घाल, आणि चांगलं आठवडाभराचं काम आहे म्हणून सांग.