टेबलावरचा दुसरा फोन

१४ जानेवारी १९६३, शेगाव
संक्रांत. गोड बोला म्हणे! कोणाशी? त्या निवृत्तीशी? मी कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर, तो माझ्या हाताखालचा कारकून — आणि कोर्टात माझ्याविरुद्ध साक्ष देणार! मॅनेजरनं मशीनच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढायला लावली, म्हणून मजूर झुंबरबाईचा हात गेला, हे म्हणे यानं डोळ्यांनी पाहिलं. खाल्ल्या मिठाला न जागणारी जात.

१६ जानेवारी
सापडला! ऑफिसच्या फोनवर बायकोशी बोलत होता. ती लोणारला माहेरी. माझ्या टेबलावर त्याच लाइनचा दुसरा फोन. हळूच उचलला. म्हणतो कसा — "म्या काहीच पाह्यलं नाही वं. पण त्या बाईचा हात पाह्यला, म्हणून सांगून राह्यलो." ती रडत होती. "खोटं काऊन बोलता?"
चोरून ऐकणं वाईट म्हणे! फोन जिनिंगचा, तार जिनिंगची, बिल जिनिंगचं. मग बोलणं तेवढं याच्या बापाचं?

१७ जानेवारी
वामनराव वकिलांकडे. म्हणाले, "नवराबायकोतलं बोलणं त्यांच्या तोंडून वदवता येत नाही. पण तिसऱ्याच्या कानावर पडलं, तर तो खुशाल सांगू शकतो." तिसरा मीच की! पेढे घेऊनच घरी आलो.
हिला सगळं सांगितलं. हिला कमी ऐकू येतं, ओरडून घसा बसला. तर विचारते, "मंग जाळी कोनं काढली?"
"म्याच काढाले लावली! जाळीनं काम रेंगाळते. पण पाह्यलं कोनं?"
पेढा न खाताच आत गेली. बावळट!

२१ जानेवारी
शेजारच्या सत्यभामाबाई आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहीत. एका भिंतीचा शेजार, आणि मला पाहून दार लावून घेतात. माज, दुसरं काय!

२९ जानेवारी
खामगावचं कोर्ट. फोनवरचं बोलणं वामनरावांनी त्याच्या तोंडावर फेकलं. निवृत्ती मान खाली घालून — "हो साहेब, पाह्यलं नव्हतं." काय मजा! झुंबरबाई बाकावर होती, तुटका हात पदराखाली. माझ्याकडे बघत राहिली. बघू दे.

५ फेब्रुवारी
सरकारी वकिलानं नवा साक्षीदार आणला. सत्यभामाबाई.
वामनरावांना म्हटलं, थांबवा तिला, घरातलं बोलणं आहे ते! म्हणाले, "त्या तिसऱ्या."
घरी आलो. हिनं विचारलं, "काय झालं हो?"
हळू आवाजात सांगितलं. तिला ऐकू आलं नाही.