बेचाळीस पिशव्या

२ नोव्हेंबर, रविवार
इतक्या उशिरा लिहायला घेतलं, माफी असावी. ऑगस्टपासून पान कोरंच. डाव्या गुडघ्यामुळे. लिहितो उजव्या हाताने, पण दुखणं पसरतं.
पुढच्या रविवारी मला पंच्याहत्तर पूर्ण. मुलगा रत्नदीप म्हणाला, बाबा, घरातच केक कापू. त्याला माझा गोतावळा ठाऊक नाही. मानपाड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली! सोसायटीची गच्ची घेतली. येणाऱ्या प्रत्येकाला पिशवी. लाडू ८४, केळी १२६. ऑर्डर दिली.

३ नोव्हेंबर
पिशव्या सगळ्या सारख्या हव्यात, उरायला काही नको. माणसं पिशवीत डोकावतात, मग रुसतात. सहावीतली नात अमृता म्हणाली, आजोबा, मसावि काढा. दोन्ही संख्यांना पूर्ण भाग जातो अशी सगळ्यात मोठी संख्या. मी सातवी शिकलोय, मला सांगते!
दोनने भागलं. ४२, ६३. तीनने भागलं. १४, २१. एक सम, एक विषम. संपलं. बे त्रिक सहा. सहाच पिशव्या? बीपी वाढलं.

४ नोव्हेंबर, सकाळी ६
अमृता हसली. आजोबा, अजून सातने जातो ना! २ आणि ३ उरले. सात सक बेचाळीस. प्रत्येकी दोन लाडू, तीन केळी. बाकी शून्य.
सात मी मुद्दाम ठेवला होता. तिची परीक्षा.

५ नोव्हेंबर
यादी त्रेचाळीसची झाली. एक माणूस जास्त. कारखान्यातला धोंडीबा सुपरवायझर होता, बाबुराव चिडका, त्यांना गाळता येत नाही. शेवटचं नाव रंभाचं, टिटवाळ्याची धाकटी बहीण. फोन करून सांगितलं, या वेळी नको येऊस, हिशोबात बसत नाहीस. म्हणाली, दादा, मला पिशवी नको रे, तुला बघायला येते. साडी इस्त्रीला दिलेली तिने. म्हटलं, बेचाळीस जणांसमोर रिकाम्या हाताने उभी राहशील, बरं दिसतं का? तिने फोन ठेवला. पटलं तिला.

७ नोव्हेंबर
मोबाइलवर ग्रुप केला. बेचाळीस जण. तीन अंगठे आले. कारखान्यातला मयूर ग्रुपमधून बाहेर पडला. चुकून बोट लागलं असणार. बाकीचे सरप्राइज देणार.

९ नोव्हेंबर, दुपारी ४
पिशव्या मांडल्या. सहा ओळी, ओळीत सात.
५.३० – घोडबंदरला ट्रॅफिक असणार.
७.१० – कोणीतरी जिना चढलं. वॉचमन काळुराम. काका, खुर्च्या कधी उचलू?
सून मेघना म्हणाली, बाबा, खाली चला, डास आहेत. म्हटलं, जे येतील त्यांच्यात सगळं वाटून टाकू. अमृता म्हणाली, आजोबा, शून्याने भागता येत नाही. मेघनाने तिला चापट मारली. मारायची गरज नव्हती. पुस्तकात तसंच आहे.

१० नोव्हेंबर
रंभाला चारदा फोन लावला. कट होतो. टिटवाळ्याला रेंजचा त्रास आहेच. मेसेज टाकला: यादीत एक जागा झाली आहे. कधी येतेस ते लवकर कळव. केळी काळी पडत चालली आहेत.