टेकाडाला सहा वाजता

१० मार्च २०२५, सोमवार

नव्वद तोट्या वाटल्या होत्या. आज मोजल्या, तर नळांवर अकरा उरल्या.

चुकून कमी मोजल्या असतील म्हणून पुन्हा सगळं गाव फिरलो. अकराच! ग्रामपंचायतीनं फुकट दिलेली चांगली पितळेची तोटी लोक काढून घरात ठेवतात, आणि पाणी आलं की नालीत वाहू देतात. मारुतीच्या ओळीत आज चप्पल हातात घेऊन चालावं लागलं.

सरपंच भैय्याजी म्हणाले, लोकाईले अक्कलच नाई. ज्याच्या नळाला तोटी नाही त्याला नोटीस, आठ दिवसांत नळ बंद. नोटिसा लिहायच्या मी, वाटायच्या मी. गावाला पाणी सोडतो मी, म्हणून शिव्याही मीच खायच्या.

११ मार्च

एकोणऐंशी नोटिसा लिहिल्या. कुठेच खाडाखोड नाही. बारावी अर्धी राहिली, पण अक्षर राहिलं आहे.

१२ मार्च, बुधवार

आज टेकाडावर गेलो. गावाचं शेवटचं टोक. वीस-बावीस घरं, बहुतेक भाजी लावणारी. पाइपही तिथंच संपतो, त्यामुळे पाणी सगळ्यात शेवटी येतं आणि तेही करंगळीएवढं.

देवकाबाई मागच्या वाडीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आठच्या बसनं वर्ध्याला भाजी नेतात. हात पुसून त्यांनी नोटीस घेतली आणि पहिल्यांदा विचारलं, घरकुलाचं आलं का. मी म्हणालो, नाही मावशी, नळाचं. तोटी का काढली?

त्या मला पुढच्या दारी नळापाशी घेऊन गेल्या. नळाखाली परात होती. उलटी ठेवलेली.

"मी मागं वाडीत राह्यते बाबू. तोटी लावली त पाणी आलं हे मले सांगन कोन? परात वाजली का मी पयत येते."

नंतर टेकाडावरचे सगळे नळ पाहिले. कुठे परात, कुठे टिनाचा तुकडा, कुठे तेलाचा फुटका डबा. खाली आलो. शाळेच्या ओळीतही तेच. घरी आलो, आमच्या नळाखाली भाताच्या गंजाचं, जुन्या पातेल्याचं झाकण! लहानपणापासून ते तिथंच आहे. मी रोज ओलांडतो. एकदाही मनात आलं नाही की हे इथे कशासाठी आहे.

लोक पाणी वाया घालवत नाहीत. कान लावून बसले आहेत. पाणी सातला येईल की अकराला, हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नाही. आणि वर त्यांनाच नोटीस!

उरलेल्या नोटिसा वाटल्या नाहीत. पिशवीत आहेत. भीती वाटते आहे, पण वाटणार नाही.

१४ मार्च

धुळवड. आज नळ वाहिले तरी कोणी काही बोललं नाही. भैय्याजींचाही वाहत होता.

१७ मार्च, सोमवार

भैय्याजींना भेटलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, तरी तिसऱ्या वाक्यानंतर विसरलो.

म्हणालो, टाकी रात्री मोटारीनं भरते. पहाटे पाचला काठोकाठ असते, मी रोज वर चढून पाहतो. त्यानंतर वीज असो-नसो, पाणी उतारानं आपोआप जातं. मग वेळ का ठरवायची नाही? ओळीची वेळ ठरली की लोक तोटी लावतील.

ते हसले. म्हणाले, गाव हाय का रेल्वे हाय? अन् रेल्वे तरी कुठं वेळेवर येते.

बोलता बोलता त्यांना तीन फोन आले. तिन्ही पाण्याचे. "हो हो, सोडाले सांगतो." रोज असंच चालतं. लोक त्यांना फोन करतात, ते मला फोन करतात, मग मी व्हॉल्व्ह फिरवतो. सकाळी चाळीस-चाळीस फोन! हातातला चहा थंड होऊन गेला. मला खरंच वाईट वाटलं. वेळ ठरली तर या माणसाला निदान सकाळचा चहा तरी नीट मिळेल.

तसं बोललोही. ते म्हणाले, तू फक्त पाणी सोड.

२२ मार्च, शनिवार

व्हॉल्व्ह गळतो आहे. पॅकिंग आणायला वर्ध्याला गेलो. येताना पिपरी मेघेला उतरून रूपरावकाकांकडे गेलो. माझ्याआधी एकवीस वर्षं गावाचं पाणी त्यांनीच सोडलं. आता मुलाजवळ राहतात, फ्लॅटमध्ये, चोवीस तास नळ. म्हणाले, इथं करमत नाई, कोनी शिव्याच देत नाई.

त्यांना सगळं सांगितलं. चहाचंही. ते एवढे हसले की खोकला लागला.

"अबे येड्या, थे फोनच त त्याची सरपंचकी हाय. पाण्याची वेळ ठरली त त्याले फोन कोन करन?"

येताना बसमध्ये जागा होती, तरी उभाच राहिलो. किती मूर्ख मी! ज्याला मी ओझं समजत होतो, ती त्यांची कमाई निघाली. रोज चाळीस माणसं म्हणतात, "भाऊ, तेवढं पाणी सोडा." आणि रोज चाळीस वेळा उपकार होतात. आमच्याच टाकीतल्या, आमच्याच पाण्याचे!

काका शेवटी म्हणाले, मीही पहिल्या वर्षी वेळ लावून पाहिली होती, चार दिवसांत सोडली. का सोडली, विचारलं. त्यांनी मुलाला आवाज देऊन चहा सांगितला.

३० मार्च, पाडवा

कोणाला विचारलं नाही.

गेरू कालवला आणि चारही ओळींच्या भिंतींवर लिहिलं —

टेकाड : ६.००
शाळेची ओळ : ६.४५
बाजाराची ओळ : ७.३०
मारुतीची ओळ : ८.१५

आजपर्यंत पहिलं पाणी मारुतीच्या ओळीला. ती टाकीजवळ आहे आणि भैय्याजींचं घर तिथंच आहे. मी उलटं केलं. टाकी भरलेली असते तेव्हा जोर असतो, तो जोर टेकाडाला हवा. टाकीखालच्या घरांना अर्ध्या टाकीतही पुरतं. हे समजायला शाळा लागत नाही. तरी इतक्या वर्षांत कोणी केलं नाही.

भिंतीवरही अक्षर सरळ आलं.

१ एप्रिल

बरोबर सहाला टेकाडाचा व्हॉल्व्ह उघडला. लोकांना वाटलं, एप्रिल फूल! सगळे नळ उघडेच होते, पराती जागच्या जागी.

२ एप्रिल

सहा.

३ एप्रिल

सहा. मारुतीच्या ओळीतले प्रभाकरराव ओरडले, टेकाड काऊन आधी, आम्ही का सावत्र हाव? मी भिंतीकडे बोट दाखवून सायकलवर बसलो. पुढच्या वळणापर्यंत मागे पाहिलं नाही.

भैय्याजी लग्नाला अमरावतीकडे गेले आहेत, अजून आठ दिवस नाहीत. फोन आला, मी उचलला नाही. पहिल्यांदाच.

८ एप्रिल, मंगळवार

सायकल पंक्चर. धावत गेलो तरी सात मिनिटं उशीर झाला. टेकाडावर देवकाबाई नळापाशी उभ्या होत्या. कमरेवर हात.

"आज उशीर केला बाबू."

मी माफी मागितली. पण घरी येईपर्यंत हसतच होतो. आमच्या गावात पाणी यायचं किंवा यायचं नाही. "उशीर" हा शब्द पाण्यासाठी आजवर कोणी वापरला नव्हता! उशीर म्हणायचा, तर आधी वेळ लागते.

आणि त्यांच्या नळाखाली परात नव्हती.

१५ एप्रिल

तोट्या मोजल्या. ५८. पुन्हा मोजल्या. ५८!

कोणाला नोटीस नाही, दंड नाही, बक्षीस नाही. डब्यात जपून ठेवलेल्या तोट्या लोकांनी स्वतःच काढून लावल्या. सगळ्या ओळींना पाणी देऊन टाकीत दोन फूट उरलं. टाकीत इतकं उरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खाली उतरून पुन्हा वर चढलो, पुन्हा पाहिलं.

१९ एप्रिल, शनिवार

भैय्याजी सकाळी पानठेल्यावर उभे होते. जाणाऱ्या-येणाऱ्याला स्वतः विचारत होते, पाणी आलं का? लोक सायकल न थांबवता सांगत होते, आलं न, मघाच. फोन शर्टाच्या खिशात. एकदाही वाजला नाही.

मला त्यांची दया आली नाही. लिहून ठेवतो, कारण उद्या कदाचित येईल.

२२ एप्रिल, मंगळवार

भैय्याजींनी घरी बोलावलं. मला वाटलं, शिव्या मिळतील. त्यांच्या पत्नी छायाताईंनी पोहे दिले. भैय्याजी गोडच बोलले. लग्नात काय काय झालं ते सांगितलं. मग म्हणाले, तीन वर्षं झाली तुला मानधनावर, एक तारखेच्या ग्रामसभेत ठराव घेऊन तुला कायम करतो. फक्त भिंती पुसून टाक. पाणी तूच सोडशील, मी सांगीन तेव्हा.

"पियुष, तुह्या घरचा इचार करून राह्यलो मी. गावाचा इचार कराले मी हाव न."

हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. पोहे संपवले.

२३ एप्रिल

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही. "पुसून टाक न. भिंतीवरचं हाय, पोटावरचं थोडीच हाय." बाबा गेल्यापासून ती गावातल्या कोणत्याही मोठ्या माणसाला नाही म्हणालेली नाही.

कायम! मला रात्री झोप लागत नाही ती याच शब्दामुळे. कायम असतो, तर आकांक्षाच्या घरच्यांनी लग्नाला नकार दिला नसता. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

२४ एप्रिल, गुरुवार

लिहायला लाज वाटते. दुपारी ओलं फडकं घेऊन शाळेच्या भिंतीपाशी गेलो. ऊन होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. पहिली ओळ पुसली. टेकाड : ६.००. गेरू हाताला लागला. भिंतीवर तांबूस डाग राहिला, तो जाईना.

मग तिथंच बसलो. हिशेब मांडला, की भैय्याजी मला नोकरी देत नाहीत. ते मलाही रोज सकाळी फोनची वाट पाहायला लावणार आहेत. तेवढंच मिळणार आहे मला, कायमचं.

घरी जाऊन गेरू आणला. पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा मोठं.

१ मे, गुरुवार — ग्रामसभा

झेंडावंदन झालं, बिस्किटं वाटली, सभा सुरू झाली. तिसराच विषय मी. विनापरवानगी पाण्याच्या वेळा ठरवल्या.

भैय्याजींनी विचारलं, कोणाला विचारून लिहिलं? मी उभा राहिलो. "कोनालेच नाई," म्हणालो. सभेला हसू आलं. मग पुढचं आपोआपच निघालं —

"टाकी पाच वाजता भरलेली राह्यते. मंग गाव कोनाची वाट पाह्यते? पाण्याची का तुमच्या फोनची?"

मी समोर पाहिलं. वाटलं, आता कोणीतरी उठेल. टेकाडावरची वीस घरं समोर बसली होती. कोणी उठलं नाही.

ठराव मांडला — पाणी उपलब्धतेनुसार सोडावं, आणि माझ्या जागी भैय्याजींचा पुतण्या ऋतिक. हात वर करा. मी मोजले. सवय आहे. सगळे वर! देवकाबाईंचाही. डोळे खाली, हात वर.

बाहेर पडताना त्या म्हणाल्या, घरकुलाची यादी सरपंचाजवळ हाय बाबू. मी मागे फिरून व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी टेबलावर ठेवली. आधी पुसली, मग ठेवली.

मला समजतं. सगळं समजतं. तरी माफ करवत नाही. आणि पुन्हा वेळ आली, तरी भिंतीवर लिहीनच.

२ मे

पाणी आठ-चाळीसला आलं.

३ मे

दहा-पाचला. टेकाडाला आलंच नाही. शाळेजवळ गेलो. भिंतीवर चुना मारला आहे.

४ मे, रविवार

आई विचारते, वर्ध्यात काम पाहतोस का. पाहीन. आज दिवसभर बाहेर पडलो नाही. कोणी बोलवायला आलं तर काय बोलायचं, ते मनात पाच वेळा जुळवलं. कोणी आलं नाही.

५ मे, सोमवार

आई पहाटे पाण्याचा रिकामा गुंड कमरेवर घेऊन निघाली. कुठे, ते बोलली नाही. साडेसहाला परत आली. टेकाडाच्या आणि शाळेच्या ओळीतल्या पन्नासेक बाया पावणेसहालाच टाकीखाली जाऊन बसल्या होत्या. देवकाबाई सगळ्यांत पुढे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ऋतिकला झोपेतून उठवून आणलं. त्यानं भैय्याजींना फोन लावला. पलीकडून एकच शब्द, "सोड." सहाला टेकाडाचं पाणी सुटलं. उद्याही बसणार आहेत. रोज.

माझं नाव कोणी काढलं का, मी विचारलं.

"तुह्या नावाचं काय काम होतं तेथी?" आई म्हणाली.