म्हैस तीच, गाव आपापलं

सर, तुमच्यावर मी सूड उगवला आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय नाही, म्हणून हे लिहिते आहे. गेल्या रविवारी बारामतीत तुमच्या सैन्यभरतीच्या अकॅडमीत तुमचा स्मृतिदिन झाला. तुमच्याच हाताखाली तयार झालेले एक निवृत्त सुभेदार आता ती चालवतात. त्यांचा आधी फोन आला होता, "मॅडम, तुमी लेखिका. स्मरणिकेत सरांवर दोन पानं तुमचीच पायजेत." मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं मी अकॅडमीच्या रस्त्यानं जाताना मान दुसरीकडे वळवायची, हे त्यांना कुठं माहीत होतं!

मी वरकुट्याहून एसटीनं तुमच्या पत्र्याच्या वर्गात यायची, तेव्हा पदवीचं शेवटचं वर्ष चालू होतं. वर्गात मुलगी मी एकटीच. सैन्यात अधिकारी व्हायचं तर निवड मंडळासमोर स्वतःविषयी लिहावं लागतं, आपण कोण, आपल्या हातून काय घडलं. तुम्ही सगळ्यांना लिहायला लावलंत. बाकीच्यांनी प्रामाणिकपणा, जिद्द, देशप्रेम लिहिलं. मी म्हैस लिहिली. नववीत असताना आमची म्हैस कॅनॉलमध्ये घसरली. काठ सिमेंटचा, तिला चढता येईना. माणसं दावं टाकून ओढायला लागली तसा तिच्या गळ्याला फास बसू लागला. मी ओरडले, "सोडा तिला, वाहू द्या! पुढं धुण्याच्या पायऱ्या हायत." काठाकाठानं तिला हाका मारत मी पळाले आणि पायऱ्या लागल्यावर ती आपली आपण वर आली. मग मी तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले. आम्ही दोघीही थरथरत होतो.

तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत. "झकास! ह्याला म्हणायचं लीडरशिप." मग लाल पेनानं शेवटचं वाक्य खोडलंत. "फौजेला थरथर चालत न्हाय, पोरी." आणि वर्गाकडं वळून म्हणालात, "उतरवून घ्या रे. म्हस तीच ठेवा, गाव आपापलं टाका. माळेगावकरांनी कारखान्याजवळचा कॅनॉल टाका." मागून कुणीतरी विचारलं, "सर, आमच्यात म्हस न्हाय, बैल चालंल का?" वर्ग हसला. मीही हसले, सर. माझं लिहिलेलं मुलं उतरवून घेतायत, याचा मला अभिमान वाटला होता.

आमच्या आबांनी मला एकदाच जाऊ देतो म्हणून सांगितलं होतं. "येकदा जाऊन ये. न्हाय जमलं तर पुना नाव काढायचं न्हाय." भोपाळला निवड मंडळाची लेखी परीक्षा झाल्यावर मानसशास्त्राच्या अधिकारी बाईंनी मला बोलावून घेतलं. माझा कागद त्यांच्यापुढं होता. त्या रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "बेटा, बारामती में हर किसी की भैंस नहर में गिरती है क्या?" माझ्याआधी तुमची मुलं तिथं जाऊन आली होती. मी म्हटलं, ती म्हैस माझी आहे. त्या हसल्या. मी शिंगाचा आकार सांगितला, तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका सांगितला. जितकं सांगत गेले तितकं पाठ केल्यासारखं वाटू लागलं. स्वतःच्या आयुष्याची नक्कल केली म्हणून मी नापास होऊन परत आले.

तुम्ही मैदानात होतात, शिट्टी तोंडात. सगळं ऐकून म्हणालात, "तुजी म्हस लई पळाली गं! दोन पोरं फौजेत लागली तिच्यावर." मग, "तुजं काय, लगीन झालं की संपलं." लग्न झालं, सर. संपलं मात्र नाही.

तर सूड असा. काही वर्षांपूर्वी बावड्याच्या एका ग्रंथपालांवर मी श्रद्धांजलीचा लेख लिहिला होता. तुमच्यासाठी तोच काढला. बावड्याच्या जागी बारामती घातली, वाचनालयाच्या जागी मैदान, चष्म्याच्या जागी शिट्टी. 'त्यांनी कुणालाही रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही' हे वाक्य जसंच्या तसं राहू दिलं. ते तुम्हालाही बसलं. रविवारी सुभेदारांनी तो लेख उभं राहून वाचला. पुढच्या रांगेतली मिशीवाली माणसं रुमाल शोधत होती. मी मागं बसून मनात म्हणत होते, माणूस तोच ठेवला, सर, गाव तुमचं टाकलं. फार बरं वाटत होतं. अजूनही वाटतं.

पण त्या लेखात एक वाक्य मी नवं घातलं होतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. भोपाळला निघाले त्या दिवशी तुम्ही दौंड स्टेशनवर आला होतात. आबा आले नव्हते. गाडी सुटायच्या आधी तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलंत आणि पट्ट्याचं बक्कल तुम्हाला लागेना. 'सरांचा हात थरथरत होता,' इतकंच मी लिहिलं होतं. वाचन पुढं सरकत गेलं, मी त्या वाक्याची वाट बघत राहिले आणि सुभेदार थेट समारोपावर आले.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. "एक वाक्य राहिलं वाचायचं."

"राहिलं न्हाय, मॅडम, काढलं. थरथर बिरथर सरांना शोभत न्हवती. बाकी येक अक्षर बदललं न्हाय, तुमची शपथ."

मी त्यांच्याशी भांडले. चारचौघांत आवाज चढवून. स्मरणिका छापून झाली होती, तरी ते वाक्य परत घाला म्हणून हटून बसले. त्यांना वाटलं, लेखिका बाई आपल्या शब्दाला जपतात. इंदापूरला घरी परत येताना एसटीत माझी मूठ वळलेलीच होती. म्हशीसाठी मी कुणाशी इतकी भांडले नव्हते, सर. तुमचं ते घड्याळ अजून माझ्याकडेच आहे. परत करायचं राहून गेलं, असं मी आजवर सांगत आले.