आईच्या कमरेचे चार जादा मणी

विनेबा, ३ मार्च

ती. अराबाताईस एकुआचा सा. न.

आधी पाप सांगते, मग खुशाली. मी आईला फसवलंय.

डॉक्टर काय म्हणाले ते तुला ठाऊकच आहे. दहा किलो वजन उतरल्याशिवाय तिच्या हर्नियाला हात लावणार नाहीत. बाबांचं म्हणणं, वजन तोंडातून आत येतं, तोंड आवर. तिच्या ताटातली मक्याच्या पिठाची अर्धी केनकी ते स्वतःच उचलतात. आईचं म्हणणं, पाय चालले की सगळं जिरतं. तीन आठवडे बिचारीनं दोन्ही केलं. अर्धपोटी राहिली, रोज पहाटे किनाऱ्यापर्यंत चालली. पण कमरेच्या माळेचे मणी जागचे हलेनात. काट्याला ती कुठली मानतेय, मणी खाली घसरले तरच खरं. शेवटी म्हणाली, "देवानं मला अशीच घडवलीय, आता पुरे." आणि झोपूनच राहिली. कळ आली की नुसती ओठ चावते गं.

त्यात मण्यांचा दोरा तुटला. ओवायला माझ्याकडे दिला. मी माझ्या माळेतले चार निळे मणी त्यात घुसवले. दुसऱ्या दिवशी माळ घसरली आणि बाई चपला घालून निघाली.

आता दोन मेला दवाखान्यात काट्यावर उभं राहायचंय. तो काही माझ्या ओळखीचा नाही. काय करू?

तुझा लोभ तेवढा उतरू देऊ नकोस.
एकुआ


कुमासी, ११ मार्च

चि. एकुआस अ. आ.

गाढवे, शाळेत बेरीज कधी जमली नाही, इथे बरी जमली. आधी हसले, मग रडले. काट्याआधी तिला खरं सांग, नाहीतर तिथे ती तोंडघशी पडेल. तोवर रोज तिच्याबरोबर चाल. आणि बाबांना म्हणावं, केनकी अर्धी करा पण मासळी पोटभर वाढा, उपाशी माणूस चालत नाही.

तुझीच,
ताई


विनेबा, ४ मे

ती. ताईस सा. न.

आईला सांगायचं राहिलंच. रोज वाळूत तोंड उघडायचे आणि मिटायचे.

आठ किलो उतरले. डॉक्टर म्हणाले चालेल, ऑपरेशनला जूनची तारीख दिली. बाजारातल्या बायका आईला विचारतात, नवऱ्यानं जेवायला घालायचं सोडलं का. बाबा चिडलेत.

घरी आल्यावर आईनं माळ सोडून माझ्या मांडीवर ठेवली. "तुझे चार काढून घे."

कसले चार, म्हटलं.

"माझ्या आईनं एकशे बारा ओवलेत. रोज आंघोळीला हाताखालून जातात. मला मोजता येत नाही होय?"

पहिल्याच दिवशी कळलं होतं तिला. मग चाललीस कशाला, विचारलं, तर म्हणाली, "मी उठावं असं घरात कुणाला तरी वाटत होतं. म्हणून उठले."

माझे चार काढले तरी माळ ढिलीच. आजीचे तीन आणखी काढावे लागले. ते तिनं माझ्या माळेत ओवले.

बाबा गल्लीभर सांगतात, अर्ध्या केनकीनं झालं. आई म्हणते, चालण्यानं. भांडू देत. पण किनाऱ्यावरून परत येताना आम्ही दोघी रोज एक तळलेला गोड गोळा अर्धा-अर्धा खायचो. नाहीतर दहा पुरे झाले असते. ताई, तुला माझी शप्पथ, मणी आणि गोळा, दोन्ही पोटात ठेव. कुण्णाला सांगू नकोस गं.

एकुआ